हालुस्या, हालोच्का, हाल्का

अल नहदा वस्तीतल्या या चौदाव्या मजल्यावर ऋतू कळत नाहीत. काचा बंद, एसी चालू, आणि खाली दुबईकडे निघालेल्या गाड्यांची न संपणारी रांग. पण जुलै आला की माझा मुलगा इम्तियाझ ऑफिसातून येताना रुतबचा खोका घेऊन येतो. अर्धे पिवळे, अर्धे मऊ तपकिरी असे ते ओले खजूर ताटात मांडले की त्यांचा गोडसर वास घरभर पसरतो आणि माझ्या तळहातांना घाम सुटतो. खोली गार असते, तरीही सुटतो. साठ वर्षं होत आली, पण या वासाबरोबर कुणाच्या तरी पत्राची वाट बघायची असते, हे अंग काही विसरत नाही.

परवा माझी नात झारा फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हाय, धिस इज झी." मी विचारलं, "अगं, झारा म्हणजे दोन अक्षरं. त्यातलंही एक कुठे टाकलंस?" ती म्हणाली, "दादी, एव्हरीवन इन ऑफिस कॉल्स मी दॅट. इट्स क्विकर." तिला काय सांगणार, की मला एकदा एक बाई भेटली होती, जिच्या मुलखात माया वाढली की नाव लांबत जायचं.

त्या बाईचं नाव हालिना. आम्ही तिला सिस्टर म्हणायचो.

साठच्या दशकाचा मध्य असेल. मी वीस वर्षांची, रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावातून लग्न करून खोर फक्कानला आलेली, मराठी सातवी पास. आज तिथे क्रेन आणि कंटेनर दिसतात. तेव्हा मागे काळेतांबडे उघडे डोंगर, पुढे अर्धचंद्रासारखा समुद्र, मध्ये खजुरीच्या बागा आणि वाळत घातलेल्या माशांचा वास, एवढंच होतं. पलीकडच्या किनाऱ्याला दुबईत जायचं तर डोंगरातल्या कोरड्या नदीच्या पात्रातून, वादीतून, लँडरोव्हरने धक्के खात जायचं. नाहीतर लाँचने डोंगराच्या टोकाला वळसा घालून दोन-तीन दिवस समुद्रात. दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा यायचे. बाकी सगळं सिस्टर आणि आमचे हे सांभाळायचे. हे कंपाउंडर होते.

यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते आणि ते गेल्यानंतर आजही माझ्या तोंडून निघत नाही. आमच्याकडे तशीच रीत. तेही माझं नाव घेत नसत. सिस्टरला हे कळलं तेव्हा तिच्या हातातली कात्री थांबली.

"मग तो तुला हाक कशी मारतो?"

"मारत नाही. खोकतो."

ती इतकी हसली की बाहेर बसलेल्या पेशंट बायका आत डोकावल्या. आमची भाषा म्हणजे खिचडी होती: थोडं अरबी, थोडं हिंदुस्थानी, तिचं सावकाश इंग्रजी आणि माझे हातवारे. इथे मी ती मराठीत सांगते आहे, पण त्यातलं ओबडधोबडपण ऐकणाऱ्याने मनात धरावं.

सिस्टर चाळिशीची होती. उंच, रुंद खांद्यांची, उन्हाने लाल झालेली. इंग्लंडहून आली होती, म्हणून गाव तिला इंग्रज समजायचं. मी एकदा "तू रशियाची ना?" असं विचारलं, तर तिने हातातलं काम खाली ठेवलं. "रशियन नाही. युक्रेनियन." त्या स्वरात नंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

दुपारी दवाखान्याच्या मागच्या सावलीत आम्ही बँडेजच्या गुंडाळ्या करत बसायचो. तिथे तिने मला तिची नावं शिकवली. कागदावर हालिना. शेजारीपाजारी म्हणायचे हाल्या. मी तोंडाला पदर लावला. आमच्या घाटावरच्या लोकांत रेड्याला हाल्या म्हणतात, हे सांगितल्यावर तिने स्वतःच्या रुंद खांद्यांवर हात फिरवला आणि म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं." आजीची ती हालिन्का. वर्गातल्या मैत्रिणीची हालोच्का. आणि आईची हालुस्या. शिवाय हाक मारताना नावाचं शेपूट बदलायचं. आपण बाळाला हाक मारताना 'बाळा' म्हणतो, तसं. आईने अंगणातून हाक मारली की ती 'हालुस्यू!' अशी असायची, शेवटचं अक्षर लांबवलेलं, म्हणजे ते शेताच्या पलीकडे पोचावं.

"आणि माझं?" मी विचारलं.

तिने माझं नाव तोंडात घोळवलं. "जुबेदोच्का. हाक मारताना, जुबेदोच्को."

माझी आई मला जुबी म्हणायची. बोटीत बसल्यापासून ते नाव माझ्या कानावर पडलं नव्हतं. मी मान खाली घालून गुंडाळी करत राहिले.

"आई रागावल्यावर काय म्हणायची?"

"हाल्का." तिने हवेत चापट मारून दाखवली. "ते प्रेमाचं नाही. दरडावायचं. मी सात वर्षांची असताना गावच्या तळ्यावर बर्फ धरला होता. मी चालत मधे गेले. बर्फ पातळ होता. आई काठावर आली. ती रडली नाही, पळत आली नाही. नुसती ओरडली, हाल्को! मी होते तिथून मागे वळले. हालुस्यू म्हणाली असती तर हसत पुढेच गेले असते."

"मग पूर्ण नाव कोण घ्यायचं? हालिना?"

तिने गुंडाळीला पिन लावली. "घरात कुणीच नाही. लढाईत जर्मनांनी आम्हाला कामाला नेलं तेव्हा मी सोळाची होते. स्टेशनवर एक माणूस यादी वाचत होता. तिथे पहिल्यांदा मोठ्याने ऐकलं."

लढाई संपल्यावर ती घरी परतली नाही. परत गेलेल्यांना सरकार कैदेत टाकतं, अशा गोष्टी तिने छावणीत ऐकल्या होत्या. इंग्लंडला गेली, नर्स झाली, आणि शेवटी या डोंगरामागच्या गावात येऊन पोचली. कित्येक वर्षं आई जिवंत आहे की नाही हेच माहीत नव्हतं. मग पत्रं सुरू झाली. आईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, गावचे मास्तर लिहायचे, आणि खाली आई स्वतःच्या हाताने एक फुली काढायची. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच: हालुस्यू.

त्या जुलैत, बागांमध्ये घड खाली उतरवायला सुरुवात झाली होती तेव्हा, एक पत्र आलं. सिस्टरने ते दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. एक बाई तापलेलं मूल घेऊन समोर उभी होती. सिस्टर उठली, मुलाला तपासलं, औषध दिलं, हात धुतले आणि मग मला मागे बोलावलं.

"आई आजारी आहे. ये म्हणते. परवानगी मिळालीय, कागद मुंबईतल्या त्यांच्या सरकारी कचेरीत तयार आहेत, सप्टेंबर संपायच्या आत घ्यायचे."

मी आनंदाने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"तिने मला हालिना म्हटलंय," ती म्हणाली. "तीन वेळा."

अक्षर मास्तरांचंच होतं. खाली फुलीही होती. पण हालुस्या कुठेच नव्हती. मी म्हटलं, लाजले असतील मास्तर. त्या दुपारी मी माझी पत्रांची डबी काढली. आईचं सांगणं, भावाचं लिहिणं. प्रत्येक पत्रात 'जुबेदा हिला दुवा'. एकाही ठिकाणी जुबी नाही. लिहिणाऱ्याला लाडाचं नाव कागदावर उतरवायला संकोच वाटतो, हे मला तेव्हाच समजलं. मी डबी तिच्यापुढे ठेवली. "बघ. माझी आईसुद्धा पत्रात मला जुबेदाच म्हणते."

सिस्टरने डबीचं झाकण लावलं. "आठ वर्षं त्यांना संकोच वाटला नाही. आज वाटला?"

मग ती जे बोलली ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या मते तीन गोष्टी शक्य होत्या. आई गेली असेल आणि कुणीतरी तिच्या नावाने बोलावत असेल. किंवा कुणी शेजारी उभं राहून लिहवून घेत असेल आणि मास्तर तिला सावध करत असतील. किंवा आई खरोखरच अंथरुणाला खिळली असेल, घाईघाईत लिहिलेलं पत्र असेल, आणि आपण एका शब्दावरून तिला एकटीला मरू देत असू. तिच्याकडे कुठल्याच देशाचा पासपोर्ट नव्हता, नुसता प्रवासाचा कागद. एकदा आत गेली की बाहेर येईल याची खात्री कुणी देणार नव्हतं.

तिने उत्तर लिहिलं. येते म्हणाली. आणि शेवटी विनवलं: आई, या वेळी फुली नको, मास्तरांकडून शिकून तुझ्या हाताने एक शब्द लिही. कुठलाही.

उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता, आणि उत्तराशिवाय निघवतही नव्हतं. सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत समुद्रावरून जी दमट हवा येते ती भिंतींना, कपड्यांना, साखरेला चिकटून बसली होती. लँडरोव्हरचा आवाज आला की सिस्टर सुईसुद्धा अर्ध्यावर थांबवायची. एकदा तिने चुकीची बाटली उचलली. यांनी तिच्या हातातून बाटली घेतली आणि बरोबर बाटली दिली. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की यांनी नजर वळवली.

घरात आमचं यावरून वाजायचं. मी म्हणायचे, तिने जाऊ नये. हे म्हणायचे, "आईने बोलावलंय. मुलीला अडवायचं पाप तू घेणार?" यांची आई कोकणात वारली तेव्हा हे इथे होते. खबर दीड महिन्याने आली होती. त्या दीड महिन्यात आपण हसत होतो, जेवत होतो, हे त्यांना कायम टोचत राहिलं. त्यामुळे मी वाद वाढवला नाही. पण स्वयंपाक करताना मनात एकच घोळायचं, हालिना की हालुस्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला लाँच ठरली. दुबईला जाऊन तिथून मुंबईची बोट. नाखवा सईदने सांगून ठेवलं होतं, भरती असताना दुपारच्या आत निघायचं. आदल्या दिवशी डोंगरात अचानक ढग फुटला. गावात थेंब पडला नाही, पण वादीत पाणी लोटलं. लँडरोव्हर पलीकडेच अडकली अशी बातमी एका गाढववाल्याने आणली. टपालाची थैली तिच्यात होती.

सकाळी नमाज झाल्यावर हे चपला घालून उभे राहिले.

"कुठे?" मी विचारलं.

"पोस्टात," ते म्हणाले आणि त्या गाढववाल्याबरोबर डोंगराकडे चालू लागले. जी बाई जावी असं त्यांना वाटत होतं, तिला कदाचित थांबवणारं पत्र आणायला ते निघाले होते. मी दारात उभी राहून त्यांची पाठ बघत राहिले.

दहा वाजले. सिस्टरची ट्रंक होडीतून लाँचवर गेली. साडेदहा वाजले. किनाऱ्यावर गावातल्या बायका जमल्या होत्या. कुणी खजूर बांधून आणले होते, कुणी तूप. ज्यांची बाळंतपणं तिने केली होती त्या पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. सिस्टर सगळ्यांशी बोलत होती, पण डोळे डोंगराकडे. नाखवा सईद पाण्यात गुडघाभर उतरून ओरडत होता, "यल्ला, सिस्टर, यल्ला! पाणी उतरायला लागलं!"

"पाच मिनिटं," ती म्हणाली. "इन्शाल्ला, पाच मिनिटं."

अशी तिने चार वेळा पाच मिनिटं मागितली. पाचव्यांदा सईद म्हणाला, "खलास, आता नाही थांबत." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, बूट काढले, आणि पाण्यात पाय टाकला.

तेवढ्यात खजुरीच्या बागेच्या टोकाला हे दिसले. अनवाणी होते. चपला वादीने नेल्या होत्या. पायजमा मांडीपर्यंत चिखलाने माखलेला, पायांतून रक्त येत होतं, आणि खांद्यावर थैली. ते धावत नव्हते. धावण्याचं बळ उरलेलं नव्हतं. सिस्टर पाण्यात उभी होती तशीच उभी राहिली. यांनी थैली वाळूत उपडी केली, गुडघ्यांवर बसून पाकिटं चाळली आणि एक उचलून तिच्याकडे धरलं.

तिने ते उभ्या उभ्या फाडलं. मी तिच्या कोपराशी होते. एकच पान. मास्तरांचं नेटकं अक्षर. तिचं बोट पहिल्या शब्दावर होतं.

"हालिनो," ती पुटपुटली. पुन्हा तेच. ती वाचत खाली गेली: ये, लवकर ये, सगळी व्यवस्था आहे. मग तिचं बोट पानाच्या तळाशी, जिथे नेहमी फुली असायची तिथे पोचलं आणि थांबलं. तिथे एक शब्द होता. लहान मुलाने पाटीवर काढावीत तशी अक्षरं, एक वर, एक खाली, शाई फुटलेली.

"काय आहे?" मी विचारलं. "सिस्टर, काय लिहिलंय?"

तिच्या तोंडून आवाज आला तो हसण्याचा होता की हुंदक्याचा, सांगता येत नाही.

"हाल्को," ती म्हणाली. "आई मला दरडावतेय."

ती पाण्यातून मागे वळली. सईदला म्हणाली, "मी येत नाही." तो म्हणाला, "आणि ट्रंक?" ट्रंक लाँचवर खाली ठेवली होती, तिच्यावर बाकी माल रचला होता. "ट्रंक जाऊ दे," ती म्हणाली आणि ओल्या पायांनी वाळूत बसून राहिली. यांच्या पायांकडे तिचं लक्ष गेलं तेव्हा उठली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

ट्रंक दुबईहून परत यायला तीन आठवडे लागले. तोवर सिस्टर माझ्या साड्या नेसून दवाखाना चालवत होती. मी नेसवायचे. तिच्या उंचीला साडी पोटरीपर्यंतच यायची. गावातल्या बायका रोज नवीन बहाणा काढून ते बघायला यायच्या. त्या तीन आठवड्यांत आम्ही जितक्या हसलो तितक्या पुढे कधी हसलो नाही.

पण एका दुपारी यांनी पायाचं बँडेज बदलून घेताना सहज म्हटलं, "सिस्टर, आई रागावली हे खरं. पण येऊ नकोस म्हणून रागावली, की वीस वर्षं आली नाहीस म्हणून, हे एका शब्दावरून कसं कळणार?"

यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सिस्टरने बँडेजची गाठ मारली आणि कात्रीने टोक कापलं. त्या दिवसापासून तिच्या बोलण्यात एक अडखळ आली. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि डोंगराकडे बघायची. मी यांच्यावर दोन दिवस रागावले होते. पण खरं सांगायचं तर तोच प्रश्न माझ्याही मनात आला होता, फक्त तो विचारायचं धैर्य मला झालं नव्हतं.

पत्रं येत राहिली. आई जिवंत होती. मास्तर तिला हालिना लिहीत राहिले, खाली पुन्हा फुली आली. दीड-दोन वर्षांनी एका पत्राची सुरुवात अचानक हालुस्यू अशी झाली. मधल्या काळात काय बदललं, ते कुणी लिहिलं नाही. तोवर बोलावणंही बंद झालं होतं.

माझ्या पहिल्या मुलीच्या बाळंतपणाला सिस्टरच होती. त्यानंतर ती इंग्लंडला परत गेली, आम्ही दुबईत करामाला राहायला आलो. दरवर्षी एखादं पत्र यायचं. मी ते मुलांकडून वाचून घ्यायचे, आणि उत्तराच्या शेवटी माझ्या हाताने इंग्रजी अक्षरांत नाव लिहायला शिकले होते, ते लिहायचे. मुलं म्हणायची, मम्मी, स्पेलिंग राँग आहे, जे नाही, झेड पाहिजे. मी तसंच ठेवायचे.

बऱ्याच वर्षांनी तिचं एक जाड पत्र आलं. तिला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला होता. प्रवाशांच्या एका गटाबरोबर ती आपल्या मुलखात जाऊन आली होती. गावाला जायची परवानगी नव्हती. शहरातल्या हॉटेलात आईला दोन तास भेटता येणार होतं. आई पहाटेच्या बसने आली. ऐंशीच्या घरातली, डोक्याला रुमाल बांधलेली. तिने समोरच्या कोट घातलेल्या बाईकडे पाहिलं आणि उठून उभी राहिली, एखाद्या साहेबाच्या बायकोपुढे उभं राहावं तशी. म्हणाली, "बाई, तुम्ही कोण?"

मी झाराच्या बापाला, म्हणजे तेव्हाच्या शाळकरी इम्तियाझला, ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं होतं. त्याला वाटलं मला इंग्रजी कळलं नाही.

पुढे सिस्टरने लिहिलं होतं: "तिने मला ओळखलं ते माझ्या हातावरच्या लहानपणी भाजल्याच्या डागावरून. मग बराच वेळ ती माझा हात सोडेना. शेवटी मी विचारलं, आई, ते एक पत्र आठवतं? तू स्वतः लिहिलं होतंस ते? त्याचा अर्थ काय होता? समोरच्या खुर्चीवर एक माणूस पेपर वाचत होता. तासाभरात त्याने पान उलटलं नव्हतं. आईने त्याच्याकडे पाहिलं. मांडीवरचं फडकं सोडलं, त्यातून उकडलेलं अंडं काढलं, सावकाश सोललं, आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. 'खा,' म्हणाली, 'आणि संध्याकाळच्या गाडीने जा.'"